माचा नसला तरी चालेल: सोलापूरच्या घरात जपानी चहाची रीत

अक्कलकोट रोडच्या बाजूला दोन खोल्यांच्या घरात राहणाऱ्या, पतपेढीत नोकरी करणाऱ्या एका ताईंचा हा प्रश्न आहे. घरात नवरा, सासूबाई आणि दोन मुलं. भिंतीपलीकडे यंत्रमाग. जपानी चहाच्या रीतीबद्दल वाचून, व्हिडिओ बघून त्यांनी बांबूची फेटणी, वाडगा आणि माचाचा, म्हणजे हिरव्या चहाच्या बारीक भुकटीचा, डबा मागवला. पहाटे उठून काही दिवस एकट्याने चहा करून पाहिला. चहा कडू झाला, लक्ष सारखं घड्याळाकडे गेलं, सासूबाईंना तो प्रकार परका वाटला आणि सामान कपाटात गेलं. आता त्या विचारतात, ‘साधेपणा, मन थाऱ्यावर असणं, हे आमच्यासारख्या घरात जमण्यासारखं आहे का? जमत असेल तर सुरुवात कुठून करू?’

ताई, जमण्यासारखं आहे. मी ही रीत एका जपानी शिक्षिकेसमोर बसून शिकले आणि आता इथे सोलापुरात, माझ्या घराच्या बाहेरच्या खोलीत, शिकायला येणाऱ्यांना दाखवते. त्या अनुभवावरून आधी उत्तर सांगते. पहाटेचा माचा तूर्त सोडा. संध्याकाळचा आपला नेहमीचा दुधाचा चहा घ्या, तो सासूबाईंसाठी करा, आणि चहाच्या आधीची तयारी व नंतरची आवराआवर यांना चहाइतकाच वेळ द्या. असं का म्हणते ते आता सविस्तर लिहिते, कारण कारण कळलं नाही तर हेही चार दिवसांत सुटेल.

व्हिडिओंमध्ये बहुतेक वेळा एक माणूस खिडकीजवळ एकटा बसून वाफाळता वाडगा हातात धरून दिसतो. ‘स्वतःसाठी वेळ काढा’ असं त्याखाली लिहिलेलं असतं. स्वतःसाठी वेळ काढण्यात वाईट काही नाही. पण जपानी चहाची रीत, जिला तिथे चानोयु म्हणतात, ती दुसऱ्यासाठी चहा करण्याची रीत आहे. यजमान करतो, पाहुणा पितो. सगळी मांडणी, सगळे नियम या दोघांमधल्या व्यवहारातून आले आहेत. पाहुणा काढून टाकला की उरतं ते भुकटी, पाणी आणि फेस. तुम्ही नेमकं तेवढंच करून पाहिलंत, त्यामुळे मन लागलं नाही यात तुमची चूक नाही.

प्रत्यक्षात काय घडतं ते बघा. यजमान खोलीत एकेक वस्तू घेऊन येतो आणि ठरलेल्या जागी ठेवतो. कमरेला खोचलेला रेशमी रुमाल काढून त्याची ठरलेली घडी घालतो आणि चहाची डबी व बांबूची पळी पुसतो. त्या आधीच स्वच्छ असतात, तरी पाहुण्यासमोर पुन्हा पुसतो. डावाने गरम पाणी वाडग्यात घेतो, त्यात फेटणीची टोकं भिजवतो, पाणी टाकून देतो, ओलसर पांढऱ्या फडक्याने वाडगा कोरडा करतो. इतकं झाल्यावर कुठे चहा पडतो. तोवर पाहुण्याने गोड पदार्थ खाऊन संपवलेला असतो. वाडगा समोर आला की तो शेजारच्याला ‘तुमच्या आधी घेतो’ म्हणतो, करणाऱ्याला वाकून धन्यवाद देतो. चहाची रीत शिकवणाऱ्या उरासेन्के घराण्याच्या पद्धतीत वाडगा हातावर घेऊन दोनदा उजवीकडे फिरवतात, म्हणजे त्याची दर्शनी बाजू ओठाला लागत नाही. शेवटचा घोट आवाज करत ओढतात, त्यावरून यजमानाला कळतं की चहा संपला. मग वाडगा परत येतो आणि यजमान तो पाहुण्यासमोरच विसळतो, सगळं पुन्हा पुसतो आणि जसं आणलं तसं एकेक उचलून नेतो.

यात पिण्याचा भाग किती, तर तीन-साडेतीन घोटांचा. बाकी सगळी तयारी आणि आवराआवर. शिवाय पाहुण्यांना न दिसणारं काम वेगळंच: चहा चाळून ठेवणं, बागेतली वाट झाडणं, पाहुणे यायच्या आधी तिच्यावर पाणी शिंपडणं. मी शिकायला लागले तेव्हा बरेच दिवस वाडगा हातात आलाच नाही. फडकं पिळणं, ते पसरणं, घडी घालणं, एवढंच. तेव्हा उतावीळपणा व्हायचा. पुढे शिकवायला लागल्यावर मला त्याचं कारण दिसलं. क्रम हाताला बसला की पुढे काय करायचं हे ठरवावं लागत नाही. ठरवण्यात जाणारं डोकं मोकळं होतं आणि समोरच्या माणसाकडे जातं. मन शांत करायचा वेगळा प्रयत्न कुणी करत नाही.

हा साधेपणा आला कुठून, हेही सांगते, कारण ‘तिथल्या शांत लोकांना जमतं, आमच्या गडबडीत कसं जमणार’ हा प्रश्न माझ्याकडे येणारे जवळजवळ सगळे विचारतात. सेन नो रिक्यू, ज्यांनी या रीतीला आजचं रूप दिलं, त्यांचा काळ 1522 ते 1591. जपानमध्ये तो सतत लढायांचा काळ होता. रिक्यू साकाई नावाच्या बंदरातल्या व्यापारी घरातले. गजबजलेलं, मालाने भरलेलं गाव. तिथल्या व्यापाऱ्यांनी भर वस्तीत, घराच्या मागच्या तुकड्यात, डोंगरातल्या झोपडीसारख्या लहान खोल्या चहासाठी बांधल्या. रिक्यूंच्या नावाशी जोडलेली ताइआन ही खोली क्योतोजवळ यामाझाकीला आजही आहे. तिथे पाहुण्यांना आणि यजमानाला मिळून दोन तातामी चटयांची जागा, म्हणजे साधारण सहा फूट लांब, सहा फूट रुंद. तुमच्या स्वयंपाकघराचा ओटा सोडून उरलेली जागा याहून कमी नसेल. अशा खोल्यांचं दारही बुटकं, अंग चोरून गुडघ्यांवर सरकत आत जावं लागतं. सामुराईलासुद्धा तलवार बाहेर ठेवावी लागे.

त्याच रिक्यूंचे धनी, त्या काळी जपानवर सत्ता गाजवणारे तोयोतोमी हिदेयोशी, यांनी सोन्याने मढवलेली चहाची खोली करून घेतली होती, हेही खरं आहे. म्हणजे भपका आणि साधेपणा तेव्हाही शेजारीशेजारी होते, आणि साधेपणा कुणीतरी मुद्दाम निवडावा लागत होता.

मला सर्वांत जवळची वाटते ती 1587 सालची गोष्ट. हिदेयोशींनी क्योतोच्या कितानो देवळाच्या आवारात मोठा चहामेळावा भरवला. आमंत्रण सर्वांना होतं, शेतकऱ्यांना आणि गावातल्या साध्या माणसांनाही. एक किटली, पाणी काढायचं भांडं आणि एक वाडगा घेऊन या, असं जाहीर केलं होतं. आणि ज्याच्याकडे चहा नसेल त्याने भाजलेल्या तांदळाच्या पिठाचं पेय आणलं तरी चालेल, असंही त्यात होतं. ताई, ज्या मेळाव्याला स्वतः रिक्यू चहा करायला बसले होते तिथे पिठाचं पेय चाललं, तर तुमच्या घरात साखर-आलं घातलेला चहा चालायलाच हवा. मी माझ्याकडे येणाऱ्यांना पहिला धडा दुधाच्या चहावरच देते. काही जणांना ते आवडत नाही, त्यांना माचाचा हिरवा रंग हवा असतो. पण जे चहावर टिकतात तेच पुढे माचावरही टिकतात, असं मी पाहिलं आहे.

आता संध्याकाळचा चहा. तुम्ही साडेसहाच्या सुमारास घरी येता असं लिहिलंय. आल्याआल्या गॅस पेटवू नका. चपला दारात काढताना दोन्ही एकत्र, टोकं बाहेरच्या बाजूला करून ठेवा. जपानी घरांत हे लहान मुलांनाही लावतात. हात-पाय धुवा. मग ओटा पूर्ण मोकळा करा, दुपारची एकही वाटी त्यावर नको. स्वच्छ सुती फडकं ओलं करून घट्ट पिळा आणि ओटा एकाच दिशेने पुसा. फडकं टॉवेलचं नको. आपल्या सोलापुरी टॉवेलला पाणी शोषायला तोड नाही, पण त्याचे दोरे भांड्याला लागतात. पंच्याचा हातभर तुकडा कापून शिवून घ्या आणि तो चहाच्या भांड्यांपुरताच ठेवा.

मग पातेलं, गाळणी, पकड, चहा-साखरेचे डबे, आलं आणि दोन कपबश्या एवढंच ओट्यावर आणा. प्रत्येकाची जागा पहिल्या दिवशी ठरवा आणि ती बदलू नका. पकड उजवीकडे, गाळणी पातेल्याच्या मागे, तुम्हाला सोयीचं असेल ते. कप गरम पाण्याने विसळून पुसून घ्या. चहा उकळेपर्यंत तिथेच उभ्या राहा. मोबाइल आतल्या खोलीत. या मधल्या वेळात काय करायचं, असं सगळे विचारतात. चहा बघायचा. पहिला बुडबुडा कुठून येतो, रंग कधी पालटतो, उतू जाण्याआधी वास कसा बदलतो. मन पतपेढीत जाईल, मुलांच्या अभ्यासात जाईल. गेलं तर ओरडू नका त्याला, पुढची ठरलेली कृती हातात आहेच.

चहा गाळून सासूबाईंना नेऊन द्या आणि त्यांच्यासमोर बसा. खाली बसता येत असेल तर चटईवर. कपाचा कान त्यांच्या उजव्या हाताला येईल असा फिरवून ठेवा. त्यांनी पहिला घोट घेतल्यावर तुम्ही घ्या. बोलायचं की नाही, हे त्यांच्यावर सोडा. काही दिवस त्या टीव्ही चालूच ठेवतील, तो बंद करा म्हणू नका. पाहुण्याला रीत शिकवायची नसते, पाहुण्याची सोय बघायची असते. रिक्यूंच्या सात नियमांतला शेवटचा नियम पाहुण्याचा विचार करायला सांगतो, आणि मला तो सगळ्यांत अवघड वाटतो. त्यांना बशीत ओतून प्यायला आवडत असेल तर मोठी बशी शोधून आणा.

पिऊन झाल्यावर तिथेच थांबू नका. कप, पातेलं, गाळणी लगेच धुवा, पुसा, जागेवर ठेवा. फडकं धुऊन पिळून वाळत घाला. ओटा जसा मोकळा केला होता तसा झाला की चहा संपला. सिंकमध्ये भांडी सोडून कामाला लागण्याची आपल्याला इतकी सवय असते की पहिले काही दिवस हा भाग जड जातो. पण रात्रीचा स्वयंपाक मोकळ्या ओट्यावर सुरू करण्यात काय फरक पडतो, ते तुम्हीच बघाल. हे सगळं मिळून अर्धा तास होईल. तेवढाही नसेल त्या दिवशी आलं किसू नका, पण आवराआवर गाळू नका.

पाण्याबद्दल. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरात दुसरं काही सुचत नाही. रिक्यूंच्या नियमांत ‘वेळेच्या आधी तयार राहा’ आणि ‘पाऊस नसला तरी पावसाची तयारी ठेवा’ असे दोन नियम आहेत. मी त्यांचा सोलापुरी अर्थ असा लावते की चहाच्या पाण्याची एक कळशी वेगळी भरून झाकून ठेवायची, पिंप, बादल्या, टाकी या गडबडीच्या आधी. जपानी रीतीत पाणी वाया घालवत नाहीत. डावातलं सगळं पाणी वाडग्यात ओतत नाहीत, उरलेलं परत किटलीत सोडतात. पाणी जपून वापरणाऱ्या आपल्या गावाला हे सांगायची गरज नाही.

उन्हाळ्याचं मात्र वेगळं बघावं लागतं. ‘उन्हाळ्यात गारवा वाटावा, हिवाळ्यात ऊब वाटावी’ हाही त्या सातांतला नियम. जपानमध्ये नोव्हेंबर ते एप्रिल जमिनीतल्या खोलगट चुलीवर किटली ठेवतात, मे ते ऑक्टोबर वेगळ्या शेगडीवर, आणि ती पाहुण्यापासून दूर सरकवतात. उन्हाळ्यात वाडगा पसरट, म्हणजे चहा लवकर निवतो, आणि थंडीत उभट आणि खोल. सोलापूरचा एप्रिल-मे म्हणजे पारा चाळिशीच्या वर आणि पत्र्याखाली तर विचारूच नका. तेव्हा गॅससमोर उभं राहून मन एकाग्र करायचा हट्ट कशासाठी? त्या दोन महिन्यांत चहाच्या जागी पन्हं किंवा ताक करा. क्रम तोच: ओटा मोकळा, ठरलेल्या जागा, सासूबाईंना आधी, लगेच आवराआवर. पेले रुंद तोंडाचे घ्या. दारात पाणी शिंपडा. हे आपल्या आज्या-पणज्या सडा घालून करतच होत्या आणि जपानी यजमानही पाहुणे यायच्या आधी वाट ओली करतो.

फूल ठेवायचं असेल तर एकच. रिक्यूंची एक कथा सांगतात. त्यांच्या बागेत निळ्या फुलांच्या वेली बहरल्या आहेत असं कळून हिदेयोशी बघायला आले, तर बागेत एकही फूल नाही. सगळी खुडलेली. रागावून ते खोलीत शिरले आणि समोर कोनाड्यात एकच फूल होतं. ही कथा मला पहिल्यांदा ऐकली तेव्हा जरा क्रूर वाटली होती, अजूनही थोडी वाटते. पण एका फुलाकडे बघितलं जातं, हे खरं. तगर, सदाफुली, रस्त्याकडेचं रानफूल, काहीही. उग्र वासाची फुलं चहाच्या खोलीत ठेवत नाहीत, म्हणून मोगरा देवघरात राहू द्या.

तुम्ही लिहिलंय की घरात सामान फार आहे आणि साधेपणासाठी निम्मं काढून टाकावं असं वाटतं. सासूबाईंच्या भांड्यांना हात लावू नका. जपानी चहावाल्यांकडेही सामान भरपूर असतं, लाकडी खोक्यांत बांधून ठेवलेलं. त्या दिवशी, त्या ऋतूला, त्या पाहुण्याला लागेल तेवढंच बाहेर येतं. तुम्हीही चहापुरते घरातल्या माणसांइतकेच कप खाली ठेवा, बाकीचे एका खोक्यात घालून माळ्यावर. पाहुणे आले की काढा. सुरुवातीला एवढं पुरे.

आणि मागांचा आवाज. माझ्या शिक्षिकेकडे किटलीच्या तळाला आतून लोखंडाचे लहान तुकडे चिकटवलेले होते. पाणी तापलं की ते बारीक गुणगुणायचं. चहाच्या किटल्या मुद्दाम अशा बनवतात. त्या खोलीत आवाज नसावा असा नियमच नाही, कोणता आवाज ऐकायचा हे यजमान ठरवतो. तुमच्या भिंतीपलीकडचे माग तुम्हाला थांबवता येणार नाहीत, आणि त्यावर कुणाचंतरी घर चालतं. पण पातेल्यातल्या चहाचा आवाज त्या खटखटीतूनही ऐकू येतो, कान जवळ असेल तर. म्हणून उकळेपर्यंत तिथेच उभ्या राहा, असं वर सांगितलं.

माचाचं काय? महिना-दोन महिने संध्याकाळचा चहा स्थिरावला की मग तो कपाटातून काढा. कडू होण्याची, चव बिघडण्याची कारणं बहुधा तीन असतात. पाणी उकळतं घातलं असेल. माचाला 70 ते 80 अंशांचं पाणी लागतं, म्हणजे उकळल्यावर दुसऱ्या भांड्यात ओतून थोडं निवू द्यायचं. दुसरं, आपल्या बोअरचं पाणी जड, त्यात हिरव्या चहाची चव मरते. गाळून शुद्ध केलेलं पाणी घ्या. तिसरं, डबा. माचाची पानं खुडण्याआधी काही आठवडे सावलीत वाढवतात, मग वाळवून जात्यावर अगदी बारीक दळतात. इतकी बारीक भुकटी उष्णतेने आणि हवेने लवकर खराब होते. सोलापूरच्या कपाटात उन्हाळा काढलेला माचा पिवळट पडला असेल तर तो टाकून द्या आणि पुढच्या वेळी लहान डबा घेऊन फ्रिजमध्ये घट्ट बंद ठेवा.

दोन ग्रॅम माचा चाळून घ्या, त्यावर साधारण 70 मिलिलिटर पाणी. फेटणीची टोकं आधी कोमट पाण्यात भिजवा, नाहीतर तुटतात. मनगट सैल ठेवून पुढे-मागे झपझप फेटा, गोल फिरवू नका. फेटणीला साबण लावायचा नाही, नुसत्या पाण्याने धुऊन उभी वाळवायची. माचा सकाळीच घ्या. दोन ग्रॅममध्ये साधारण 60 मिलिग्रॅम कॅफिन असतं, संध्याकाळी घेतला तर झोप जाईल. रिकाम्या पोटीही नको. आणि त्याआधी गोड खायचं विसरू नका, त्याशिवाय तो कडूच लागणार. जपानमध्ये बहुतेक वेळा लाल चवळीसारख्या कडधान्याच्या गोड पुरणाची मिठाई असते. माझ्याकडे मी शेंगा पोळीचा लहान तुकडा देते. गूळ, दाणे, तीळ आणि पाठोपाठ माचा, ही जोडी मला तरी त्या मिठाईपेक्षा जास्त आवडते.

एक गोष्ट काळजीने सांगते. तुम्ही झोप लागत नाही असंही लिहिलं आहे. ती थकव्यामुळे लागत नसेल तर या अर्ध्या तासाने थोडा आराम पडेल. पण महिन्याभरात फरक पडला नाही, किंवा कशातच मन लागत नाही असं सारखं वाटत राहिलं, तर डॉक्टरांना दाखवा. चहा त्यासाठी नाही.

मुलांना यात घ्यायचं का, हा तुमचा शेवटचा प्रश्न. घ्या, पण चहा करायला नको, आवरायला घ्या. जपानी शाळांत मुलं स्वतःचे वर्ग रोज स्वतः झाडतात, पुसतात. थोरल्याला कपबश्या पुसून जागेवर ठेवायचं काम द्या, धाकटीला दारातल्या चपला लावायचं. रोज तेच काम, तेच फडकं. त्याने कप वाकडा ठेवला तर लगेच सरळ करू नका, दुसऱ्या दिवशी त्याच्यासमोर तुमचा कप सरळ ठेवा. सुट्टीच्या दिवशी त्यालाच आजीला चहा नेऊन देऊ द्या. कपाचा कान कोणत्या बाजूला, एवढं सांगितलं की पुरे, बाकी आजी सांगेल.